साठ अंशाला धूसर

सोम., ४ मे
नवीन डिझाइनच्या पहिल्या सात लेन्स जोडून झाल्या. गाडीच्या काचेमागे बसणारा छोटा कॅमेरा. उन्हात तापणार, थंडीत गारठणार, तरी चित्र शार्प हवं. डिझाइन करणाऱ्या मॅडमनी अॅल्युमिनियमऐवजी प्लास्टिकची रिंग टाकली आहे. गरम झालं की नळी लांबते, फोकस सरकतो. प्लास्टिक जास्त फुगतं आणि लेन्सची काच उलट ढकलतं. मी बारावी नापास, पण एवढं कळलं. दोनदा विचारून लिहून घेतलं. रिंग मोजून, जाड असेल तर घासून बरोबर करणं माझ्याकडे. जोडणी गायकर काकांकडे. फोकस नंतर फिरवता येत नाही, सगळं रिंगच्या जाडीवर.
काका म्हणतात, "काय रं मास्तर, किती पुसशील? झिजवशील तिला." मोजण्याआधी तीनदा पुसतो. धुळीचा कण राहिला तर?

मंगळ., ५ मे
२५ अंशाला सातही पास. ओव्हनमध्ये ६० ला पाच धूसर. नोंदवही पुन्हा तपासली, एकही माप चुकीचं नाही.
मॅडम: "डिझाइन कागदावर उणे दहा ते साठ शार्प आहे. मापं वहीत बरोबर आहेत. राहिले ते हात."
काका समोरच बसले होते. चामटोलीहून येतात, एकवीस वर्षं जोडणीच करतायत. माझ्या जिवात जीव आला, हे खरं आहे म्हणून लिहितो.

गुरु., ७ मे
काकांनी आणखी सहा जोडल्या. ६० ला चार धूसर. शेठ कॅम्प ३ मधल्या त्यांच्या दुकानातून थेट अंबरनाथला कारखान्यात आले. सगळ्यांना गोळा केलं.
"गायकर, हात पुढे कर. सीधा रख."
हातावर एक कोरा कागद ठेवला. कागद हलला. अशा वेळी कुणाचा हलणार नाही?
"देखो, पंखा बंद आहे, तरी कागद उडतोय!"
सगळे हसले. मीही.
मग मॅडम म्हणाल्या, नोंद कर, तुझं अक्षर चांगलं आहे. लिहिलं: "जोडणी करणाऱ्याचा हात कापतो." खाडाखोड नाही. काकांनी खाली सही केली. सही करताना हात खूपच कापला.

शुक्र., ८ मे
काका गेटजवळ, खोक्यांना टेप लावायला. महिनाअखेरपर्यंत. शेठ म्हणाले, "फिर देखेंगे", म्हणजे नंतर काम नाही. त्याआधी नापास लेन्स त्यांच्याकडूनच खोलून घेतल्या, काचा परत वापरायला. शेठ खुर्ची टाकून बघत बसले. काकांनी एकही काच फुटू दिली नाही.
जोडणी आता मला दिली.

सोम., ११ मे
शनिवारी घासून ठेवलेल्या रिंगा रविवारभर २५ अंशाच्या कपाटात होत्या. बसवण्याआधी चिमट्याने उचलून पुन्हा मोजल्या. शनिवारच्या मापापेक्षा सगळ्या तीन मायक्रॉन पातळ. मोजायचा मायक्रोमीटर तपासला. बरोबर आहे.
मग एक रिंग मुठीत धरून साठपर्यंत आकडे मोजले. तीन मायक्रॉन वाढली.
पुसताना मी रिंग डाव्या मुठीत धरतो. सवय. अॅल्युमिनियम एवढं फुगत नाही, म्हणून कधी कळलंच नाही. प्लास्टिक माझ्या हाताच्या उबेने फुगायचं, ते जाड आहे समजून मी घासायचो. गार झालं की पातळ. २५ ला खपून जातं, ६० ला नाही.
तीनदा पुसलं नसतं तर

बुध., १३ मे
सगळ्या रिंगा नव्याने केल्या, हात न लावता. आठ लेन्स मी जोडल्या. ६० ला आठही शार्प. उणे दहालाही.
मॅडम: "बघितलंत शेठ? हात बदलला आणि झालं."
शेठनी पाठ थोपटली. "गायकर की कुर्सी तेरी. पक्की."
बोलायला तोंड उघडलं. "थँक यू सर" एवढंच आलं.

गुरु., १४ मे
जेवणाच्या सुट्टीत गेटवर गेलो. सांगायचंच, असं ठरवून. काकांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.
"कापतो रं खरंच. माज्या ध्यानातच नव्हता आला. बरा झाला म्याडमनी धरला, नायतर अजून किती माल नासवला असता."
मग म्हणाले, "तुज्या आठी पास झाल्या ना? ब्येस."
मी विचारलं, "काका, जेवलात का?"

शुक्र., १५ मे
नमुने ग्राहकाकडे जाणार. सोबत रिंग मोजण्याची पद्धत लिहून द्यायची आहे. मॅडम म्हणाल्या, तूच लिही. लिहिली. रिंगला हात लावू नये. चिमटा वापरावा. मोजण्याआधी दोन तास २५ अंशात ठेवावी. शेवटचा रकाना: ही पद्धत कोणत्या तारखेपासून.
११ मे लिहिलं तर मॅडम एका नजरेत ओळखतील की काकांनी जोडलेल्या तेरा लेन्सच्या रिंगा अशा मोजल्याच नव्हत्या. ४ मे लिहिलं तर सगळं जुळतं. पुन्हा कुणी विचारणार नाही. पेन्सिलने ११ लिहिलं. खोडलं. ४ लिहिलं. तेही खोडलं. कागद तिथे पातळ झालाय.
पाच वाजता मॅडमनी आतून विचारलं, "झालं का रे?"
म्हटलं, "मॅडम, शुद्धलेखन तपासतोय."