कोऱ्या पाण्याचा वास

प्रिय दादा,

परदेशात मी आता नोकरदार मंडळींना पाण्याचं प्रदूषण कसं आवरायचं ते शिकवते. काल वास ओळखण्याचा तास होता. गढूळ नमुन्यांत मी एक बाटली अगदी शुद्ध पाण्याची ठेवते; तिला आम्ही 'कोरं पाणी' म्हणतो. उगीच वास येतो म्हणणारा तिथे पकडला जातो.

जलशुद्धीकरण केंद्रातला फोरमन ती हुंगून म्हणाला, "बाई, यात लवंग आहे."

"सर्दी झालीय तुम्हाला," मी म्हटलं.

मग लॉन्ड्रीवाल्या बाईंनी हुंगलं. "लवंगच. कुणीतरी चघळलेली."

एकामागून एक सगळे तेच म्हणाले. मैलापाण्याच्या टाकीत उतरताना तू दाढेखाली लवंग धरायचास, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. शेवटचा उतरलास तो वर आलाच नाहीस, हेही नाही.

सगळे गेल्यावर मी बाटली नाकाशी धरून बसले. काहीच वास आला नाही. "तुझं नाक नुसतं शोभेचं," म्हणायचास ना?

पाणी ओतून दिलेलं नाही. बाटली उशाशी आहे. दादा, परक्यांना भेटलास; माझ्यावरच का रुसलास?

तुझी,
शोभेच्या नाकाची धाकटी