चुंबकाच्या नळीवर आत्याचा फोटो

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण काल धूलकोटहून परत आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि ताट तसंच सारून उठले. किळस आली की माझं असंच होतं, तू पाहिलंयस. घरात कुणाशी बोलावं तर सगळे म्हणतात, जाऊ दे. मग म्हटलं, जिच्यामुळे हा जीव जळतोय तिलाच सांगावं.

बुधवाऱ्याच्या बाजारात दादाच्या दुकानावर तुझा फोटो लागलाय. माणसाहून मोठा! निवृत्तीच्या दिवशीचा, निळ्या साडीतला. डोक्यामागे देवांच्या तसबिरीत असतं तसं सोनेरी वलय काढलंय. खाली लिहिलंय, ‘थोर भौतिकशास्त्रज्ञ शालिनीताईंच्या जीवनभराच्या संशोधनातून साकारलेली चुंबकीय नळी. पाण्याचं होईल अमृत, केळीचा घड होईल दुप्पट.’ शेजारी हात जोडून कोण उभा आहे, सांगू? तोच नळीवाला. ज्याला तू राजपुऱ्यातल्या घरातून वाटेला लावलं होतंस, तोच!

तुझं वर्षश्राद्धसुद्धा अजून व्हायचंय गं.

पंधरा दिवसांपूर्वी फोटो दिसला, तशीच मी दुकानात शिरले. दादा गिऱ्हाइकाला तीच नळी दाखवत होता. एजन्सी त्यानेच घेतलीय. फोटोही त्यानेच दिला.

“दादा, हे काय आहे?”

“अगं, नाव होतंय आत्याचं. ती गेली, आता तिला काय फरक पडतो?”

“आत्याने नळी तपासली तेव्हा घड तू स्वतः तोललेस ना? मग?”

“मग काय? कुणाचं नुकसान तर नाही ना! पाणीच तर जातं त्यातून.” आणि माझ्यासमोर त्याने तुझ्या फोटोला उदबत्ती ओवाळली. मी तशीच बाहेर पडले.

तुला आठवतो तो मळा? पुण्याच्या प्रयोगशाळेत सारी उमर चुंबकांत घालवून तू परत आलीस, तेव्हा नळीवाला मिठाईचा डबा घेऊन आला होता. “मॅडमजी, बस एक फोटो हो जाए नळी के साथ.” तू म्हणालीस, आधी लावून बघू. तापीकाठच्या आपल्या मळ्यात तू एका ओळीला नळी लावलीस, एक ओळ तशीच सोडलीस. कुठल्या ओळीला काय आहे ते घड तोलणाऱ्या दादालाही सांगितलं नाहीस.

नळीच्या ओळीतले घड जरा भारी निघाले! मी तर टाळ्याच पिटल्या. मला वाटलं, तूही खूश होशील. तू मात्र ओळीच्या टोकापर्यंत चालत गेलीस आणि म्हणालीस, “ही ओळ विहिरीकडची आहे. इथली माती ओली राहते. माझंच चुकलं.” पुढे त्याच बुंध्यांना पिलं फुटून दुसऱ्या पिकाची पिलबाग उभी राहिली, तेव्हा तू नळ्यांची अदलाबदल केलीस. पुन्हा विहिरीकडचेच घड भारी! नळी असो की नसो.

त्या दिवशी मला माझा आवडता भौतिकशास्त्रज्ञ मिळाला, आत्या. मोठमोठ्यांचे शोध मी शाळेत रोज शिकवते. पण हाती आलेल्या उत्तरावर सगळे खूश असताना ‘माझं कुठे चुकलं असेल’ म्हणून उन्हात चालत जाणारं माणूस मी एकच पाहिलं.

एक तक्रार आहे पण. नळीवाला परत आला तेव्हा त्याला तू काय म्हणालीस? “चहा घ्या आणि या.” बस, एवढंच! चार शेतकऱ्यांना बोलावून का नाही सांगितलंस? तुला वाटलं, आपण नाही म्हटलं म्हणजे विषय संपला. तू गप्प राहिलीस ना, म्हणून आज ते तुझ्या तोंडाने बोलतायत!

मागच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात मी मुलांना विचारलं, तुमचा आवडता भौतिकशास्त्रज्ञ कोण आणि का? धूलकोटहून येणारी कविता नावाची मुलगी उभी राहिली. आणि तिने तुझं नाव घेतलं! माझा ऊर भरून आला. मग ती म्हणाली, “क्योंकि, मॅडम, त्यांनी जादूवाल्या पाण्याचा शोध लावला. माझ्या बाबांनी पण त्यांचा फोटो पाहूनच नळी घेतली.”

पोरं टाळ्या वाजवत होती. मी घाईघाईने पुढचा धडा उघडायला सांगितला.

काल धूलकोटच्या चौकात नळीवाल्याची सभा होती. मी गेले. तुझ्या फोटोला हार घालून तो म्हणाला, ताईंचा आशीर्वाद आहे. मी उठले आणि ओरडलेच, “खोटं आहे! ती माझी आत्या. तिने स्वतः सांगितलंय, या नळीने काही होत नाही!”

नळीवाला हसला. “बहनजी दुःखात आहेत.” दादा बाजूलाच उभा होता. तो मान खाली घालून नळ्यांची खोकी रचत राहिला. माझा सख्खा भाऊ!

तेवढ्यात कविताचे बाबा उठले. “मॅडम, हे बी तुमच्या आत्याचं नाव घेतात, तुम्ही बी तेच नाव घेता. अब हम किसका मानें?”

आत्या, बरोबरच होतं त्यांचं! मीही तुझा फोटोच मिरवत होते की.

मग हळू आवाजात मी त्यांना मळ्यातलं सगळं सांगितलं. विहिरीकडची ओळ, तुझी चूक, नळ्यांची अदलाबदल. म्हटलं, माझं मानू नका. अर्ध्या ओळींची नळी काढा, आणि कुठल्या ते तोलणाऱ्याला सांगू नका. कविताचे बाबा म्हणाले, “हे पटलं.” दोघंतिघं त्यांच्याबरोबर उठून गेले. बाकीच्यांनी नळ्या घेतल्याच, आत्या. रांग लावून घेतल्या.

बाहेर कविता भेटली. हिरमुसली होती. “मॅडम, म्हणजे त्यांनी काहीच नाही शोधलं?”

“शोधलं ना. काही होत नाही, हे शोधलं.”

ती बाबांच्या मागे चालू लागली. पटलं की नाही, कळलं नाही.

दादा आज सकाळी फोनवर म्हणाला, तू माझा धंदा बसवलास, घरी येऊ नकोस. नाही जाणार. फोटो अजून तिथेच आहे. तो उतरवेपर्यंत मी भांडेन, हे तर आहेच.

पण वचन दुसरंच देते. आत्या म्हणाली म्हणून खरं, असं यापुढे मी कुणालाही सांगणार नाही. वर्गात नाही, शेतात नाही, दादालाही नाही. उद्या कविताच्या शेतात नळीचे घड भारी निघाले आणि ओळी तपासूनही भारीच राहिले, तर त्याच चौकात उभी राहून म्हणेन, शालिनीआत्या चुकली होती.

तू रागावणार नाहीस. एवढी खात्री मला फक्त तुझ्याबद्दलच वाटते.

तुझी भाची,
सुमन