पन्नास मिलिमीटर

ती. बाबांस,
टिलबर्गहून शलाकाचा नमस्कार.

मी बरी आहे. थंडी सोसते, सायकलही जमते. तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंत म्हणे? आईला किती त्रास देणार आहात?

महामार्गाला भोक पाडून डांबराचा थर काढायचा आणि मोजायचा, हे माझं इथलं काम. परवा थर चार मिलिमीटर कमी भरला, तर साहेबांनी कंत्राटदाराला अख्खी लेन उकरायला लावली.

तुम्ही बांधकाम खात्यात इंजिनियर असून कंत्राटदाराचं काम मोजायला कधी गेला नाहीत. आपल्या बायपासच्या फाट्याची मोजमाप वही घरी आणलीत आणि अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडून भरून घेतलीत. बारावीत होते मी. "सगळीकडे पन्नास मिलिमीटर लिही," म्हणालात. मी लिहिलं.

दिवाळीत आले तेव्हा त्या फाट्यावर गेले होते. अंबरीशची बाइक जिथे उखडलेल्या खडीवरून घसरली, तिथला डांबराचा तुकडा उचलून आणला. इथे मोजला. एकोणीस भरला.

ती बाइक भावाला मी घेऊन दिली, म्हणून चार वर्षं आई माझ्याशी बोलत नाही. "पोराला तूच मारलंस," म्हणाली, तेव्हा तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात. आता मी विषय काढला की फोन ठेवता.

म्हणून हे पत्र. तुम्हाला अक्षरं दिसत नाहीत, म्हणजे आईच मोठ्याने वाचत असणार.

आई, आता थांब. बाबांकडे बघ.

तुझी,
शलाका