कालव्याच्या चढावर लागणारा दिवा

प्रिय माधवीताई,

तू वर्कशॉप सोडलंस त्याला तीन महिने होतील. मधे दोनदा तुझ्या फोनची एकच रिंग वाजून बंद झाली असेल, ती मीच होते. लोणी देवकरच्या कंपनीत तू पॅकिंगला लागलीस आणि आठ तास उभं राहून पाय सुजतात, एवढं कळलं आहे. ज्या हातांनी मला स्पार्क प्लग खोलायला शिकवलं, ते आता खोक्यांना चिकटपट्टी लावतात, हे डोक्यातून जात नाही.

पिंपळीच्या मानसिंग आबांची पांढरी गाडी तू विसरली नसशील. खंडेनवमीच्या दिवशी तू तिचा ऑक्सिजन सेन्सर बदललास. आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून गाडी परत आली, ती मी उघडली. सेन्सरची वायर जोडणारा कनेक्टर अर्धवट निघालेला होता. मी तो दाबून बसवला आणि जॉबकार्डावर लिहिलं, 'कनेक्टर नीट बसवलेला नव्हता.' विजयसिंह सरांनी ते चारचौघांत मोठ्यानं वाचलं. वर म्हणाले, "साधा कनेक्टर बसंना आणि म्हणं मी टेक्निशियन!" तू हात पुसलेस, पाना जागेवर ठेवलास आणि निघून गेलीस. मी तिथंच उभी होते. तू कनेक्टर बसवल्यावर ओढून बघतेस, हे मला ठाऊक होतं. तरी मी काही बोलले नाही. जे दिसलं तेच लिहिलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्यानंतर गाडी आणखी चार वेळा आली. दिवा लागायचा, दोन-तीन दिवस राहायचा आणि आपोआप जायचा. आपल्या दारात गाडी आली की विझलेलाच. स्कॅनर लावला की कोड मात्र दर वेळी तोच, सेन्सरच्या सर्किटमध्ये खंड. मी दुसरा सेन्सर लावून पाहिला, अर्थिंग तपासलं, वायर हातानं हलवून पाहिली. काही सापडेना. शेवटी आबांना म्हटलं, दिवा कधी आणि कुठं लागतो ते लिहून ठेवा. आबा हसले. "लिव्हायचं काय त्यात? ही गाडीत बसली की लागतोय. हिच्या वजनाला इंजिन भ्यालंय." त्यांच्या बायको लीलाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "व्हय, आन तुमाला बघून विझतंय! पोरी, ह्यो दिवा न्हाय, माझी सवत हाय. मी माहेराला जावं तर तितं बी आडवी येती."

त्या बोलण्यात मला धागा मिळाला. आबा एकटे असले की बारामतीचा सरळ रस्ता. लीलाबाई बरोबर असल्या की शेळगावला त्यांचं माहेर, आणि त्या वाटेला कालव्याच्या भरावावरचा खडा चढ. पहिल्या गिअरमध्ये इंजिन जोर लावतं तेव्हा ते आपल्या जागी थोडं कलतं, हे तूच मला शिकवलं होतंस. परवा रविवारी स्कॅनर मांडीवर घेऊन त्यांच्याबरोबर गेले. चढ लागला आणि स्कॅनरच्या पडद्यावरची सेन्सरची रेघ एकदम सपाट झाली. लगेच दिवा लागला. लीलाबाई म्हणाल्या, "आली बघा!"

वर सपाटीला गाडी थांबवली. चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, आबांना ब्रेक दाबून क्लच हलकेच सोडायला सांगितलं आणि मी बाजूला उभी राहिले. इंजिन कललं तसा एक दोरा ताणला. ऑइल आणि धुळीनं काळाकुट्ट झालेला, वायरींच्या चिकटपट्टीसारखाच दिसणारा. एक टोक सेन्सरच्या वायरीला, दुसरं बॉनेटखालच्या पत्र्याच्या भोकाला. इंजिन कललं की दोरा वायर ओढायचा आणि कनेक्टर तेवढ्यापुरता सुटायचा. गाठीत झेंडूचं एक वाळलेलं देठ अडकलेलं होतं.

तो हार मी बांधला होता ताई. खंडेनवमीला सरांनी सगळ्या गाड्यांना पुढून हार घालायला सांगितलं होतं. मला वाटलं, बाहेरचा वाऱ्यानं उडून जाईल, इंजिनाला आत एक लहान असू दे. आमच्या विहिरीच्या मोटारीला आई असाच वायरीला हार बांधते. मोटार जागची हलत नाही, इंजिन हलतं. एवढं शिकून मला हे सुचलं नाही. तू तेव्हा हात धुवायला गेली होतीस.

दोरा कापला. चढावरून तीनदा गाडी नेली, रेघ सपाट झाली नाही. आबांना तिथंच सांगितलं की हात माझा होता. लीलाबाई म्हणाल्या, "मग त्या दुसऱ्या पोरीला उगंच बोल लागला की गं." काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोरा निघाला ना? विषय संपला." जॉबकार्डावरचा जुना शेरा खोडता येत नाही, म्हणून त्याखाली मी माझ्या नावानं दुरुस्ती लिहिली. तुला परत बोलवायचं का विचारलं, तर ते दुसऱ्या गाडीकडे वळले. म्हणून तसं काही मी लिहीत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आज सकाळी सर नसताना इंदापूरच्या एका गॅरेजमधून फोन आला. तू तिथं टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज केला आहेस. त्यांनी विचारलं, "ही बाई कनेक्टर न बसवल्यामुळं गेली, असं ऐकतोय, खरं का?" मी खोटं आहे म्हणाले, घडलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तोंडी नको, कोणीतरी सही करून द्या. सोमवारपर्यंत जागा ठेवतो." आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केली नाही, सगळ्यांचे अंगठेच आहेत. म्हणून सही करताना मी नेहमी दोनदा वाचते. तुझ्यावरचा शेराही दोनदा वाचूनच सही केली होती. आज तीनदा वाचून केली. सोबत दुसरा कागद जोडला आहे. त्यात चूक कोणाची, ती कशी सापडली आणि कनेक्टर तू बरोबर बसवला होतास, एवढंच आहे. खाली मानसिंग आबांचीही सही घेतली आहे. हे पत्र फाडलंस तरी चालेल. तो कागद मात्र फाडू नकोस, सोमवारच्या आत इंदापूरला घेऊन जा.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
उत्कर्षा