मामाची वाटी

प्रिय भाविका,

सकाळी फोनवर मी एवढंच म्हटलं की चिमीची लाकडी वाटी आत्ताच्या आत्ता बाजूला ठेव, तिला त्यातून काही भरवू नकोस, कारण पत्रात लिहिते. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. एक प्रश्नही विचारला नाहीस. विचारला असतास तर मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटले असते. चिमी बरी आहे, खेळतेय, असं सांगितलंस, तेवढ्यावर आजचा दिवस काढला. प्रज्योत ऑफिस सुटल्यावर माझ्या गाळ्यावरून पुढे जाणार आहे, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देतेय. आधी पत्र वाच. पुडकं त्याला उघडू देऊ नकोस, तुझ्या नवऱ्याला धीर नाही.

उष्टावणाचा दिवस सारखा डोळ्यांसमोर येतोय. तुला भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी कोण बसणार यावर तुमच्याकडे केवढी चर्चा झाली होती. चुलतभावांची नावं निघाली, आणि तू सरळ सासूबाईंना सांगून टाकलंस की पहिला घास मित्रा भरवेल. मला वाटलं, सगुणाबाई मोडता घालतील. एक तर मी बाई, त्यात आमच्या घरच्या रीती वेगळ्या. पण त्यांनी स्वतः पाट मांडला, मला बसवलं आणि चिमीला माझ्या मांडीवर दिलं. मामानं वाटी आणायची म्हणून मी वाटी घेऊन आले होते, तुमच्याच परसात वादळानं पडलेल्या फणसाची. पिवळीधमक, आणि काय चकाकत होती! तुमच्या मनोरी गावातल्या बायका तिच्यावरून हात फिरवत होत्या आणि मी पाटावरून भाषण ठोकत होते. पॉलिश नाही हो, केमिकल नाही, जवसाचं तेल आहे, आमची आई चटणी करते त्याच जवसाचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. मग त्याच वाटीतली खीर मी माझ्या हातानं तिला चाटवली.

आता त्या तेलाबद्दल. नोकरी सोडून लाकूड कातायचा लेथ घेतला, वाट्या आणि चॉपिंग बोर्ड करायला शिकले, पण वरून काय लावायचं ते कुणी धड सांगेना. शेजारच्या फर्निचरवाल्याचं पॉलिश जेवणाच्या भांड्याला चालायचं नाही, इतपत अक्कल होती. खोबरेल लावून पाहिलं तर काही दिवसांनी बोर्डाला खवट वास यायला लागला. मग रंगाच्या दुकानात जवसाच्या तेलाचा डबा दिसला आणि मला आजोळ भेटल्यासारखं झालं. आमच्या यवतमाळकडचं जवस, भाकरीवर घालून खातात ते, त्यात कसला आलाय धोका? साधं घाण्याचं तेल लाकडावर वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं. हे दोन दिवसांत खडखडीत वाळलं. का वाळलं, हे मी स्वतःला विचारलं नाही. रंगकामाच्या त्या तेलात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घालतात. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंही होतं की हे खाण्यासाठी नाही. तो डबा मी कितीदा उचलला असेल, पण मागची बाजू वाचली नाही.

गेल्या आठवड्यात आई माझं जेवण घेऊन गाळ्यावर आली. भाकरी आणि जवसाची चटणी. डबा तिच्या नजरेला पडला. मुंबईत चांगलं जवसाचं तेल मिळत नाही ही तिची जुनी तक्रार, त्यामुळे बाई खूश झाली. झाकण काढून तिनं थोडं तेल तळहातावर घेतलं आणि चाखायला हात तोंडाशी नेला. मी लेथवरून धावत जाऊन तिच्या हातावर फटका मारला. तेल तिच्या पातळावर सांडलं. माझ्या आईला तू ओळखतेस, चिडली की तिची मुंबई गळून पडते आणि यवतमाळ बाहेर येतं. पण त्या दिवशी ती न चिडताच यवतमाळवर आली. माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “मले चाखू देत नाहीस, मंग त्या लेकराले त्यात खीर कशी चारलीस तू?”

भाविका, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा डब्याची मागची बाजू वाचली. पण माझ्या हाताला आधीच ठाऊक होतं गं. आईच्या चटणीला येतो तो वास या डब्याला कधीच नव्हता, आणि डब्याचा वेगळाच वास रोज नाकात जात असताना मी लोकांना आईच्या चटणीच्या गोष्टी सांगत होते. मग फोनवर वाचत बसले. पूर्ण वाळलं की त्यातून काही उतरत नाही असंही काहींनी लिहिलंय, आणि ते खरंही असेल. खरं असू दे अशी मी मनापासून आशा करते. पण तेवढीच वाक्यं मी शोधून शोधून वाचत होते, ती चिमीसाठी नव्हे, स्वतःच्या सुटकेसाठी. याची मला फार लाज वाटते.

आता मेडिकलमध्ये मिळतं ते लिक्विड पॅराफिन आणते. पोट साफ व्हायला देतात तेच, पोटात गेलं तरी चालतं. त्यात मधमाश्यांचं मेण वितळवून लाकडाला चोळायचं, जिरवायचं, पुसायचं. चकाकी कमी येते आणि अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. एकदम इतक्या बाटल्या घेतल्या तेव्हा केमिस्टनं आवाज बारीक करून इसबगोल सुचवलं. एरवी तुला फोन करून आपण पोट धरधरून हसलो असतो. विकलेल्या वाट्या आणि बोर्ड परत मागवले आहेत. सगळ्या गिऱ्हाइकांना खरं काय ते कळवलं. काही जण रागावले, एकीनं चांगलं झापलं. ते सोसलं.

खरं सांगितलं नाही ते फक्त तुला. आई आली त्याच दुपारी मी तुला फोन केला आणि म्हणाले की वाटीला बारीक तडा जाईल असं वाटतं, वापरू नकोस. ते खोटं होतं. वाटीला काहीही झालेलं नाही. परक्या माणसांना खरं सांगता आलं, आणि तू मला जिथं बसवलंस तिथून उठायची वेळ येईल म्हणून तुझ्यापुढे जीभ वळली नाही. तू म्हणालीस, मामाची वाटी आहे, तडा गेला तरी चिमी त्यातच खाईल, तू जिवाला लावून घेऊ नकोस. उलट तूच माझी समजूत काढलीस, आणि मी ती काढू दिली. तेव्हापासून आज सकाळपर्यंत तिनं त्या वाटीत जेवढी पेज खाल्ली, ती माझ्या खोट्यापायी खाल्ली. काल तुझा फोन आला, की साध्या तड्यासाठी फोन करणारी पोरगी म्हणून सगुणाबाई माझं कौतुक सांगत फिरतायत आणि पर्यटकांना कॉटेज भाड्यानं देणाऱ्या तुमच्याकडच्या बायकांना माझ्याकडचेच बोर्ड हवेत. ते ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. म्हणून हे पत्र. सगुणाबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखव, हा भागसुद्धा. मग त्या बायकांना काय सांगायचं ते त्यांनीच ठरवावं. पुडक्यात तुमच्याच फणसाच्या उरलेल्या तुकड्याची वाटी आहे, मेण लावलेली. आधी आईनं तिच्यातून चटणी खाल्लीय. ती चिमीपुढे ठेवायची की नाही, हेही तुम्ही ठरवा. मला रागाव, बोलू नकोस, काय वाटेल ते कर. फक्त पुन्हा एकदा ‘जिवाला लावून घेऊ नकोस’ असं म्हणू नकोस.

तुझीच,
मित्रा