नवाबभाईंशिवाय कॅन्यन टूर

३ जानेवारी २०२६, शनिवार
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच, पण मोठा. बेसाल्ट कॅन्यन टूर. सेल्फ-ड्राइव्ह. सात दिवस, पाच ठिकाणं: अजिंठा, पितळखोरा, गौताळा, लोणार आणि शेवटी सांदण दरी. परदेशातल्या कुठल्याशा बेटावर लोक लाव्हाच्या दऱ्या बघायला विमानानं जातात, असा व्हिडिओ पाहिला. अरे, आपण बसलोय कशावर? उस्मानपुऱ्यातलं माझं घर साडेसहा कोटी वर्षं जुन्या लाव्हावर उभं आहे. खाली जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, नळाला पाणी कधी येणार तेवढं सांगा.
उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालायचा सराव.
टूर मी एकट्यानं करणार आहे. मुद्दाम लिहून ठेवतो.

५ जानेवारी, सोमवार
सराव सुरू झाला नाही. थंडी फार.
नवाबभाईंची आठवण येत नाही, याची नोंद करतो. कंपनीच्या बसमध्ये अठरा वर्षं आम्ही एका सीटवर बसलो. उस्मानपुरा ते शेंद्रा, शेंद्रा ते उस्मानपुरा. मी खिडकीला, ते कडेला. ही टूर तेव्हा दोघांची होती. म्हणजे प्लॅन माझा, मान डोलावणं त्यांचं. रिटायर झालो की गाडी घ्यायची आणि दऱ्या पालथ्या घालायच्या. गाडी मी घेतली. सेकंड हँड आहे, पण इंजिन एकदम ओके.
गेल्या ३१ मेला आम्ही दोघं एकाच दिवशी रिटायर झालो. निरोपाला आधी माझं भाषण, मग त्यांचं. मी दहा मिनिटं बोललो. लोक चाळीस म्हणतात. मी बसलो तोच चार दहाच्या बसचा हॉर्न वाजला, आणि ती बस कुणाच्या बापासाठी थांबत नाही. हॉल रिकामा. नवाबभाईंची चार पानं खिशातच राहिली. परतीच्या बसमध्ये ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मी आपल्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली होती, तरी.
त्याला सात महिने झाले. एक फोन नाही. माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये. आता फोन त्यांनीच करायचा. मी मोठ्या मनाचा आहे, उचलेन.

८ जानेवारी, गुरुवार
व्हॉट्सॲप ग्रुप काढला, ‘बेसाल्ट कॅन्यन टूर २०२६’. मेंबर तीन: मी, पुतण्या संघपाल, आणि चुकून नवाबभाई. संघपाल चार मिनिटांत लेफ्ट झाला. नंतर फोन करून म्हणाला, काका, सुट्टी नाही. सुट्टी कधीची, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.
नवाबभाई लेफ्ट झालेले नाहीत. म्हणजे इंटरेस्ट आहे.

१० जानेवारी, शनिवार, सकाळी ९
ट्रायल म्हणून पहाटे निघालो. सिडकोला डावीकडं वळून जळगाव रोड धरायचा होता. विचारात होतो. भानावर आलो तेव्हा गाडी शेंद्र्याला, कंपनीच्या गेटसमोर उभी. वॉचमननं सवयीनं सलाम ठोकला आणि गेट उघडलं. मी म्हणालो, गाडीची टेस्ट घेतोय. तेवढ्यात फर्स्ट शिफ्टची बस आत आली. आमच्या सीटवर दोन पोरं होती, दोघांच्याही कानात वायरी. एकमेकांशी बोलत नव्हती. वाया गेलेली सीट.
टेस्ट समाधानकारक.

११ जानेवारी, रविवार
गुलमंडीच्या बाजारातून कानटोपी आणली. दोन आणल्या. एक हरवली तर.
मुलगी मोनिका हिचा पुण्याहून दर रविवारचा फोन. तिनं विचारलं, पप्पा, सोबत कोण आहे? सांगितलं, अख्खा ग्रुप आहे.

१२ जानेवारी, सोमवार, दुपारी ४
प्रस्थान झालं. टूरचा पहिला दिवस.
अजिंठा सोमवारी बंद असतं. हे मला माहीत आहे. तीस वर्षं पाहुण्यारावळ्यांना मीच सांगत आलोय की सोमवारी अजिंठा नको, मंगळवारी वेरूळ नको. पण रिटायर माणसाला सगळे वार सारखेच. आधी तरी सोमवार अंगावर यायचा.
पार्किंगमध्ये डबे खाल्ले. दोन होते. सवयीनं दोन भरले गेले. भाजी चांगली झाली होती, हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहितो.
गर्दीच्या दिवशी अजिंठा काय कुणीही बघतं. बंद अजिंठा मी बघितला. ग्रुपवर पार्किंगचा फोटो टाकला.

१४ जानेवारी, बुधवार
सात दिवसांची टूर सुटसुटीत करून एक दिवसाची केली. क्वालिटी महत्त्वाची. फक्त पितळखोरा. तेच मुख्य. बसमध्ये नवाबभाईंना मी पितळखोऱ्याविषयी किती वेळा सांगितलं असेल! लाव्हाचे थर कसे बसले, पाण्यानं दरी कशी कापली, पायऱ्या कुठून उतरतात. गेटपासच्या पाठीमागं नकाशासुद्धा काढून दिला होता. बिचारे ऐकून घ्यायचे. त्यांना अशा गोष्टींतलं काही माहीत नव्हतं.
मीही तिथं गेलेलो नाही, पण अभ्यास आहे.

१७ जानेवारी, शनिवार, रात्री ८
पितळखोरा झालं.
पायात कंपनीचे सेफ्टी शूज घातले. वर लोखंडी टोपी असलेले, अठरा वर्षं साथ दिलेले. मशीनवर चालतात म्हणजे दगडावर चालतीलच, असं वाटलं. कन्नडपर्यंत प्रवास उत्तम. वर पठारावर वारा, खाली एकदम जमीन फाटल्यासारखी दरी. काळ्या कातळाचे थर, एकावर एक रचलेल्या भाकरी जशा. सुंदर आहे. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, बघा नवाबभाई. बाजूला कुणी नव्हतं, म्हणून घसा खाकरला.
पायऱ्यांनी उतरलो ते बरं उतरलो. लेण्यांपाशी थांबायचं सोडून ओढ्याच्या बाजूनं पुढं गेलो, आणि शूज सटकले. बसकण मारली ती अशी की उठता येईना. तिथं अर्धा तास निरीक्षण केलं. बेसाल्ट कठीण असतो, हे पुस्तकात आहे ते खरं आहे.
शेवटी शेरडं घेऊन एक म्हातारा आला. नाव पुंजाराम. काखेत हात घालून त्यानं मला उभं केलं. माझ्या पाठीवरची सॅक निरोपसमारंभात मिळालेली, तिच्यावर कंपनीचं नाव. ते वाचून तो म्हणाला,
“आमचा नवाब ह्याच कंपनीत व्हता. वळखता का?”
मी म्हणालो, ओळखतो म्हणजे काय, शेजारीच बसायचो. त्याला लई आनंद झाला. म्हणाला, नवाब ह्याच गावचा. आम्ही दोघं पोरं असताना शेरडं घेऊन ह्याच दरीत उतरायचो, पावसाळ्यात त्या कपारीत झोपायचो. कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा आणि कुठल्या नाही, हे त्याला डोळे झाकून ठाऊक. मग त्यानं विचारलं,
“दिवाळीत दोन्ही गुडघं बदललं म्हनं. आता चालतो का?”
मी म्हणालो, चालतात. मस्त चालतात.
मला ऑपरेशनच माहीत नव्हतं.
गाडी हळू चालवत आलो. ग्रुपवर काही टाकलं नाही.

१८ जानेवारी, रविवार, पहाटे ५
झोप नाही. कंबर दुखते. कंबरेमुळंच.
अठरा वर्षं. रोज जाता-येता दीड तास. तुमचं गाव कुठलं, हे मी विचारलं नाही? विचारलं असणार. मग त्यांनी सांगितलं असतं. विचारलं नाही.
आणि दरीचा नकाशा त्यांना मी काढून दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला होता. थँक्यू म्हणाले होते.
चार वर्षांपूर्वी माझी बायको करुणा गेली तेव्हा नवाबभाई नऊ दिवस, बसमधून उतरून, घरी जायच्या आधी माझ्याकडं यायचे. चुपचाप बसायचे, चहा घ्यायचे, उठायचे. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला सांत्वन कसं करावं तेसुद्धा येत नाही.
त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर चिरा पडल्या आणि मी इथं बसून फोनची वाट बघत होतो. लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

सकाळी ११
बसमधल्या जुन्या लोकांना फोन केला. सगळे दवाखान्यात जाऊन आलेले. मला कुणी का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्ही तर रोजच असाल.

२० जानेवारी, मंगळवार, रात्री ९
गेलो. फोन न करता गेलो, नाही तर गेलो नसतो.
त्यांच्या मुलीनं, जन्नतनं, दार उघडलं. सलाम काका, म्हणाली, या. नवाबभाई पलंगावर, बाजूला वॉकर. बारीक झालेत. मला बघून हसले, निदान मला तसं वाटलं. ठरवून गेलो होतो: माफी मागायची, गावाचं विचारायचं आणि ऐकायचं. एवढंच. तीन मुद्दे.
माफी मागितली. त्यांनी हात हलवला, जाऊ द्या म्हणून. मग मी विचारलं, तुम्ही पितळखोऱ्याचे, कधी बोलला नाहीत. ते पाणी प्याले. सांगू लागले, की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वरच्या कपारीतून एक आवाज यायचा, त्यांची अम्मी म्हणायची…
इथं मी म्हणालो, हां, तो आवाज म्हणजे बेसाल्टच्या थरांमधल्या पोकळ्या. बरं का, लाव्हा थंड होताना काय होतं…
मी थांबलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते. साडेपाचला सुरू केलं असणार. नवाबभाई डोळे मिटून पडले होते.
हळूच उठलो. दारात जन्नतला म्हणालो, अब्बाला झोप लागली, गोळ्यांमुळं का? ती म्हणाली, गोळी रात्री नऊला असते, काका. आणि मान खाली घालून आत गेली.
मी चप्पल पायात घातली. काढली. परत घातली. अम्मी काय म्हणायची, ते आता मला कधीच कळणार नाही, असं वाटलं, आणि तिथंच उंबऱ्यात रडू आलं. साठीच्या माणसाला शोभत नाही. आलं.
आतून आवाज आला. नवाबभाईंचे डोळे मिटलेलेच होते.
“जाऊ नका, साहेबराव. बसा. पण नुसतं बसा.”
बसलो. पाऊण तास. एक शब्द बोललो नाही. फार अवघड गेलं.
उठताना त्यांनी सांगितलं, उद्या या. अम्मी काय म्हणायची ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.