सीतादहीचं कुंकू

तीर्थरूप मायले,

तुह्या सगुणीचं अकोल्याहून पायावर डोकं. मी सांगून राह्यली, शाळेचे मास्तर लिहून राह्यले.

आमी सारे खुशाल आहो. औंदा कपाशी कमरेइतकी आली. काल वेचणी लागायच्या आधी वावरात सीतादही केलं. चुलत सासरे, नणदा, सारं गणगोत जमलं. कपाशीच्या बुडाशी खडे मांडून पुजले, दहीभात शिंपला, धरतीमायचे उपकार मानले. चाळीस पानं उठली.

तुहे जावई अजून आले नाही, पण तू फिकीर करू नको. फागणात कापसाची गाडी घेऊन दूरच्या ठेसनावर गेले होते. गाडी संगं गेलेल्या शेजारच्या नत्थुजीनं हाकत परत आणली. तो म्हणते, ताप होता म्हणून त्यायले सरायीत ठेवलं. त्याले सात महिने झाले. नत्थुजी आता आमच्या आंगणातून जात नाही.

दादाचा गुडघा कसा आहे? कपिली व्याली का?

पूजा दरसाली मीच करतो, घरची थोरली सवाशीण म्हणून. काल हात धुऊन पुढं झाली, त सासूबाईनं कुंकवाचा करंडा धाकट्या जावेच्या, वच्छलाच्या हातात देला. मी बी मंग बाजूले सरकली अन् भात वाढला.

मले न्यायले दादाले धाडू नको. हे आले त घरी मी पाह्यजे.

माय, माह्या करंड्यातलं कुंकू सरत आलं. इथं मागायचा धीर होत नाही. कोनी येत असलं त चिमूटभर धाडजो.

तुही सगुणी